दुसऱ्या प्रुफातल्या रेघा

१

संक्रांतीच्या सकाळी उत्तरा दारात आली तेव्हा शेषगिरींना वाटलं, तीळगूळ घेऊन आली असेल. तिच्या हातात काही नव्हतं.

"मामा, स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?" तिनं विचारलं.

त्यांनी खणातून काढून दिला. कशाला हवा, हे विचारलं नाही. खरं तर त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं. "बाई, तुम्ही हे केलं नाहीत, मला ठाऊक आहे," एवढं एक वाक्य. ते जिभेवर येईपर्यंत उत्तरा गल्लीच्या वळणावर पोचली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात शेषगिरी गलगलींची बरीच वाक्यं अशीच वळणावर राहिली होती.

काय झालं होतं ते एव्हाना मळमड्डी भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धारवाडातलं एक जुनं मराठी शिक्षण मंडळ दर जानेवारीत दहावीच्या मुलांची इतिहासाची शिष्यवृत्ती परीक्षा घेतं. यंदा ती बारा तारखेला, रविवारी झाली. पेपर काढला होता मंडळाच्याच शाळेतल्या उत्तराबाईंनी. शनिवारी दुपारपासून तो पेपर शब्दन् शब्द मुलांच्या मोबाइलवर फिरत होता. कुणी पाठवला, कुणालाच माहीत नव्हतं. पण तो उत्तराच्या मुलीच्या, सावनीच्या मोबाइलवरही होता. सावनीनं तो उघडून वाचला होता, आईला सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसली होती. मंडळाला एवढं पुरलं. सोमवारी उत्तराला शाळेत न येण्याचं पत्र मिळालं. येत्या शनिवारी दुपारी चारला समितीची बैठक, आणि तिथून फाइल थेट पोलिसांकडं.

शेषगिरी गुरुवारी तिच्या घरी गेले. जायला दोन दिवस लागले याची त्यांना लाज वाटत होती. संक्रांत होऊन गेली तरी टेबलावरच्या डब्यातलं एळ्ळु, वाटायचा तीळगूळ, तसंच भरलेलं होतं. त्या घरी कुणी देवाणघेवाणीला गेलंच नव्हतं. उत्तरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, समोरच्या खोलीचं दार दिसेल अशी. आत सावनी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

त्या दाराला आतून कडी नव्हती. चार स्क्रूंची चार भोकं तेवढी होती, लाकूड तिथं ताजं, पांढरं दिसत होतं.

स्क्रूड्रायव्हर कशासाठी नेला होता हे शेषगिरींना तेव्हा समजलं.

"ती म्हणते, माझ्यामुळं आईचं नाव गेलं," उत्तरा हळू आवाजात म्हणाली. "मी झोपत नाही, मामा. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शनिवारी पोलीस दारात आले, तर ही पोर माझ्या हाताला लागायची नाही."

तिनं दोन कागद पुढं केले. एक सावनीला परीक्षेत मिळालेली छापील प्रश्नपत्रिका. दुसरा मोबाइलवरचा फुटलेला मजकूर, तिनं झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेला. "तुम्ही जन्मभर अक्षरं तपासलीत. हे एकदा तपासा. मला तर आता डोळ्यांनी काही दिसत नाही."

शेषगिरी म्हणाले, बघतो. आपल्या बघण्यानं काय होणार, असंच त्यांच्या मनात होतं.

२

सुभाष रोडवरच्या एका छापखान्याचे ते मुद्रितशोधक. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी मालक श्रीहरी अजून प्रुफं घरी पाठवायचा. हा पेपरही त्यांनीच तपासला होता. म्हणजे संशयितांच्या यादीत आपलंही नाव आहे, हे त्यांना ठाऊक होतं. यादी लहानच होती: उत्तरा, श्रीहरी, कॉम्प्युटरवर बसणारी मनीषा आणि ते स्वतः.

घरी अंबूताई खिडकीशी बसून राम लिहीत होती. ही त्यांची थोरली बहीण, ऐंशी पार केलेली. दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात ती दोघंच. रोज सकाळ-दुपार कागदावर "राम राम" लिहायचं, एकशे आठ कागद झाले की दोऱ्यानं बांधायचे आणि हुबळीच्या एका मठात पाठवायचे, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. गठ्ठा न्यायला संदीप यायचा. तिथंच हुबळीत, दाजीबानपेठेत कापडदुकानाच्या माडीवर त्याचा शिकवणीचा क्लास होता. दर आठवड्याला धारवाडात येणं व्हायचं, जाताना गठ्ठा स्कूटरवर घालून मठात पोचवायचा आणि पावती आणून द्यायचा. "अक्का, तुमच्या रामाचा मी हमाल," म्हणायचा.

"अरे शेषा, त्या मठातल्या लोकांना मोजता येत नाही काय?" अंबूताई आजही तेच घेऊन बसली होती. "गेल्या शुक्रवारची, वैकुंठ एकादशीची पावती बघ. एकशेचार लिहिलंय. मी एकशेआठ मोजून दिले. चार कागद राम कुठं गेला?"

"चुकलं असेल मोजताना," शेषगिरी म्हणाले आणि भिंग घेऊन टेबलाशी बसले.

शब्द सगळे तेच होते. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जुळत होतं. तासाभरानं त्यांनी भिंग खाली ठेवलं. आता उत्तराला काय सांगायचं? मग उगाच, सवयीनं, त्यांनी शब्द सोडून रेघा बघायला घेतल्या.

रेघांचं वेड हे त्यांच्या चेष्टेचं कारण होतं. छापखान्यात तीन आडव्या रेघा असतात. आखूड रेघ दोन शब्द जोडते. दिवस, महिना, वर्षही तिनंच जोडतात. मधली रेघ इथपासून तिथपर्यंत जाते, एका सालापासून दुसऱ्या सालापर्यंत. आणि लांब रेघ वाक्याला थांबवून दम खायला लावते. आजकाल सगळे एकच आखूड रेघ सगळीकडं ठोकतात. "मामा, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?" मनीषा म्हणायची. शेषगिरी लाल शाईनं खूण करायचे आणि गप्प बसायचे.

छापील प्रश्नपत्रिकेवर परीक्षेची तारीख आखूड रेघांनी जोडलेली होती: १२-०१-२०२५. फुटलेल्या मजकुरात तीच तारीख मधल्या रेघांनी होती: १२–०१–२०२५. नवव्या प्रश्नात, "कित्तूरच्या लढ्यानंतर काय बदललं", याच्यापुढं छापील कागदावर एक लांब रेघ होती. फुटलेल्या मजकुरात तिथं दोन आखूड रेघा एकीपुढं एक होत्या.

या दोन चुका शेषगिरींच्या ओळखीच्या होत्या.

पहिल्या प्रुफात मनीषानं सगळीकडं आखूड रेघ घातली होती. त्यांनी खुणा केल्या: सालांमध्ये मधली, नवव्या प्रश्नात लांब. मनीषानं कॉम्प्युटरला हुकूम सोडला की दोन आकड्यांमध्ये जिथं आखूड रेघ असेल तिथं मधली कर. साल सुधारलं, पण त्याच झटक्यात बिचारी तारीखही बदलली. नवव्या प्रश्नात तिनं आखूड रेघ दोनदा दाबली. कॉम्प्युटरनं त्यांची एक लांब करायची, ती केली नाही. दुसरं प्रूफ असं आलं. त्यांनी दोन्ही ठिकाणी पुन्हा लाल खुणा केल्या आणि तिसऱ्या प्रुफात सगळं ठाकठीक झालं.

म्हणजे या दोन चुका एकत्र फक्त दुसऱ्या प्रुफात होत्या. उत्तराच्या हस्तलिखितात नव्हत्या, पहिल्या प्रुफात नव्हत्या, छापून आलेल्या कागदात नव्हत्या. आणि मंडळाच्या नियमाप्रमाणं पेपर काढणाऱ्याला प्रूफ कधीच दाखवत नाहीत.

त्यांनी बाळाचार्यांना फोन लावला. बाळाचार्य समितीचे अध्यक्ष, शाळेतले त्यांचे सोबती, आवाज जन्मापासून करडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेषगिरी, रेघा समितीला दाखवू आपण," ते म्हणाले. "पण बाई तुझ्याच गल्लीत राहते आणि प्रूफ तुझ्याकडं येतं. लोक काय म्हणतील, तूच विचार कर. ते दुसरं प्रूफ कुणाच्या हातून गेलं ते सांग. नाव आण. नुसत्या रेघेवर मी बाईला सोडू शकत नाही."

३

शुक्रवारी सकाळी दहाला ते छापखान्यात पोचले. श्रीहरीनं खुर्ची दिली, चहा मागवला. मनीषानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"हे माझंच," ती म्हणाली. "तारीख पण, नववा पण."

तिनं आणखी एक गोष्ट दाखवली, जी शेषगिरींना कधीच दिसली नसती. हा मजकूर कुणी बसून टाइप केलेला नव्हता. मोबाइलचा कॅमेरा छापील कागदावर धरला की अक्षरं आपोआप उतरतात, तसा तो उतरवला होता. म्हणून तर रेघा जशाच्या तशा आल्या होत्या. आणि ओळींच्या शेवटी मधूनमधून एखादं निरर्थक चिन्ह पडलं होतं: कुठं कंस, कुठं टिंब. समासातल्या हाताच्या खुणा मोबाइलला वाचता आल्या नाहीत की असं होतं, ती म्हणाली.

समासातल्या हाताच्या खुणा. म्हणजे त्यांच्या लाल शाईच्या.

श्रीहरीनं यातलं निम्मंच ऐकलं. त्याला एवढंच कळलं की दोष त्याच्या छापखान्याच्या दारात येऊन उभा आहे. बत्तीस वर्षं मंडळाचं काम तो करत होता. तो मनीषाकडं वळला. फाइल तुझ्या कॉम्प्युटरवर, प्रूफ तू काढलंस, मोबाइल चोवीस तास तुझ्या हातात, असं तो मोजून म्हणाला. मी उद्या चारच्या आत मंडळाला पत्र लिहितो, काय ते त्यांनी बघावं.

मनीषा उभी राहिली. "नानल्ल री, मामा," ती शेषगिरींकडं बघून म्हणाली. घाबरली की तिचं कन्नड वर यायचं. "मी नाही. दुसऱ्या प्रुफाची मी एकच प्रत काढली. सुधारणा केल्या त्याच फाइलमध्ये, म्हणजे जुनी फाइल राहिलीच नाही. आणि ते कागद..."

ती थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, हे शेषगिरींना दिसलं.

"बोल की," ते म्हणाले.

"नवं प्रूफ देताना जुनं बरोबर देतो ना आपण, पडताळून बघायला? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी मी तुम्हाला तिसरं दिलं, त्याच्या खाली दुसरं लावून. मंगळवारी मी घरी येऊन घेऊन गेले ते तुमच्या सहीचं तिसरं." तिनं नजर खाली घातली. "दुसरं तुम्ही दिलं नाहीत, मामा. मीही मागितलं नाही. मला वाटलं, तुम्ही फाडलं."

श्रीहरीचा चहा थंड झाला होता. परीक्षेचं जुनं प्रूफ फाडायचं, हा नियम शेषगिरींना ठाऊक होता. पहिलं प्रूफ श्रीहरीनं त्यांच्यासमोर फाडलं होतं, ते आठवत होतं. दुसरं कुणी फाडलं? आठवेना. एका लग्नासाठी श्रीहरी त्या मंगळवारी गावात नव्हता, हेही आता आठवलं.

"तरी मी पत्र लिहितोच," श्रीहरी दाराशी त्यांना हळूच म्हणाला. "तुम्ही काही बोलू नका. पोरीचं वय आहे, दुसरीकडं लागेल कामाला. तुमचं या वयात काय होईल?"

४

बाहेर सुभाष रोडवर उन्हात ते कितीतरी वेळ उभे राहिले. श्रीहरी बोलला त्यातला मोह त्यांना जाणवला, आणि जाणवला म्हणूनच ते घाबरले. गप्प बसणं त्यांना नेहमीच जमत आलं होतं.

घरी येऊन त्यांनी टेबल, खण, पिशव्या, पलंगाखालची ट्रंक, सगळं उपसलं. चार कागद कुठंच नव्हते. शेवटी ते खिडकीपाशी आले. तिथं अंबूताईच्या पाटाशेजारी पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात कोऱ्या पाठीची जुनी प्रुफं. एका बाजूला छापलेला कागद टाकायचा नाही, ही या घराची रीत. पुस्तक छापून झालं की जुनी प्रुफं शेषगिरी स्वतः त्या खोक्यात ठेवायचे आणि अंबूताई त्यांच्या पाठीवर राम लिहायची. अकरा वर्षं त्यांचा हात असाच चालत आला होता: नवं प्रूफ पिशवीत, जुनं खोक्यात. त्या मंगळवारी मनीषा दारात उभी असताना हात चालला, डोकं चाललं नाही.

ते अंबूताईच्या पाटाशेजारी बसले.

"अक्का," त्यांनी विचारलं, "लिहिताना कागदाची मागची बाजू बघतेस का कधी?"

"राम लिहिताना मागं कशाला बघायचं?" अंबूताई म्हणाली. "पुढं बघूनच डोळे दुखतात."

तिनं एकशेआठ दिले होते. मठात पोचले एकशेचार. प्रश्नपत्रिकेचं प्रूफ किती पानी होतं? चार.

मठातल्या लोकांना मोजता येत होतं.

दुपारच्या बसनं ते हुबळीला गेले. मठाच्या कचेरीतल्या माणसानं त्यांना वर्षाच्या गठ्ठ्यांमधून अंबूताईचा गठ्ठा शोधून दिला. अंबूताई प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लहानसा आकडा घालायची. शेषगिरी एकेक कागद उलटत गेले. शहाण्णव आला. त्याच्यामागं एका शेतीविषयक पुस्तकाचं पान होतं. त्यानंतर एकदम एकशे एक. सत्त्याण्णव ते शंभर नव्हते. दोरा सुटा करून पुन्हा बांधलेला होता. अंबूताई गाठ मारते ती अशी नसते.

दाजीबानपेठेतल्या त्या माडीवर चढताना ते दोनदा थांबले. क्लास रिकामा होता. मुलं यायला तासभर अवकाश होता. भिंतीवर मंडळाच्या शिष्यवृत्ती परीक्षेतल्या मागच्या वर्षीच्या पहिल्या दहांतल्या सात मुलांचे फोटो होते, खाली "यंदा दहापैकी दहा" असं रंगवलेलं. फळ्याच्या वर गणपतीची तसबीर.

"कूड्री अण्णा, बसा," संदीप म्हणाला. त्यानं पंखा लावला. अक्का बऱ्या आहेत ना, असं विचारलं.

शेषगिरी बसले नाहीत. बसले असते तर बोलता आलं नसतं. त्यांनी रेघा, मोबाइल, आकडे, दोऱ्याची गाठ असं सगळं खाली बघत, परीक्षेत पाठ म्हणून दाखवावं तसं सांगितलं. संपल्यावर संदीप सावकाश म्हणाला, "अण्णा, मी तुमच्या घरात शिरलो नाही. कपाट फोडलं नाही. अक्कांनी दिलं, मी नेलं. वाटेत गाठ सुटली, कागद वाऱ्यानं उलटे झाले. समोर प्रश्न दिसले तर मी डोळे मिटायचे होते? आणि हे तुम्ही समितीत सांगणार. तर पहिला प्रश्न काय येईल? पेपर तुमच्या घरून निघाला कसा? पन्नास वर्षं लोकांच्या चुका काढलेला माणूस. शिवाय अक्कांचं नाव. ऐंशी वर्षांच्या बाईला समितीपुढं उभी करणार तुम्ही? त्या चार कागदांशिवाय तुमच्याकडं आहे काय? आणि ते कागद आता नाहीत."

खाली रस्त्यावर कुणी कापडाच्या थानांची गाडी उतरवत होतं. हा बोलतोय ते खरंच होतं. शेषगिरी जिन्याकडं वळले.

एका पायरीवर ते थबकले. त्यांना गाठ आठवली.

कागद काढून घेतल्यावर संदीपनं गठ्ठा पुन्हा बांधला होता. वाकडा बांधला, पण बांधला, आणि मठात पोचवला. मठातून घटलेल्या आकड्याची पावती घेतली आणि तीही अंबूताईला इमानदारीनं आणून दिली. ती फाडून टाकणं काय अवघड होतं? या माणसाला मुलांचं वर्ष नासवताना काही वाटलं नाही, पण रामाच्या हिशेबात खोटं बोलवलं नाही.

ते परत वर आले.

"संदीप, त्या कागदांच्या पाठीवर राम लिहिलाय," ते म्हणाले. "तू ते फाडले नसशील. जाळले नसशील. कचऱ्यात तर नाहीच. पाण्यात सोडायला तुला वेळ झाला नसेल, कारण संक्रांतीपासून क्लासची गर्दी. मग देवाजवळ ठेवले असशील."

संदीपची नजर क्षणभर फळ्याच्या वर गेली.

शेषगिरींनी बाक ओढला, चपला काढल्या आणि थरथरत वर चढले. गणपतीला हात जोडले. तसबिरीमागं हात घातला. चार कागद हाताला लागले.

संदीप चाळिशीचा, अंगानं भक्कम. तो बाकापर्यंत आला, हात पुढं केला, आणि तसाच उभा राहिला. राम लिहिलेला कागद हिसकावून घेणं त्याला जमलं नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण त्यावर लाल शाई तुमची आहे, अण्णा. हे लक्षात ठेवा."

५

रात्र त्यांनी कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी त्यांनी अंबूताईला सगळं सांगितलं. समितीत कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

"माझ्या रामामागं एका पोरीचा जीव अडकला होता," ती म्हणाली, "आणि मी मठाला नावं ठेवत बसले." मग म्हणाली, "जा तू. माझं नाव विचारलं तर सांग. मी येईन तिथं."

चारला समिती बसली. उत्तरा भिंतीशी खुर्चीवर होती. सावनीला तिनं सोबतच आणलं होतं, घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. श्रीहरीचं पत्र बाळाचार्यांच्या हातात होतं. त्यात मनीषाचं नाव होतं. मनीषा दाराबाहेर उभी होती.

बाळाचार्यांनी पत्र वाचायला सुरुवात करायच्या आत शेषगिरी उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं वाक्य तोडलं असेल. त्यांनी चार कागद टेबलावर मांडले, छापील बाजू वर. नववा प्रश्न दाखवला. तारीख दाखवली. समासातल्या आपल्या लाल खुणा दाखवल्या. मग कागद उलटे केले आणि सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर हे आकडे दाखवले. शेजारी मठाची पावती ठेवली. कागद कुठं मिळाले ते सांगितलं.

"मग प्रूफ तुझ्या घरून संदीपपर्यंत गेलं कसं?" बाळाचार्यांनी विचारलं. खोलीत सगळे तेच विचारत होते.

"मी दिलं," शेषगिरी म्हणाले. "चोरून नाही, लोभानं नाही. सवयीनं. ते फाडणं माझं काम होतं. बाईंनी काही केलेलं नाही. मनीषानंही नाही. माझ्या बहिणीला माहीतसुद्धा नव्हतं. लिहून घ्या, मी सही करतो."

"पन्नास वर्षं, शेषगिरी," बाळाचार्य एवढंच म्हणाले. मग त्यांनी श्रीहरीचं पत्र घडी करून बाजूला ठेवलं.

पुढचं भराभर झालं. संदीपचं नाव पोलिसांकडं गेलं. त्याच्या मोबाइलवर उरलेला पुरावा सापडला. परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. उत्तराला सोमवारपासून शाळेत येण्याचं पत्र तिथंच हातात दिलं गेलं. तिनं ते वाचलं, मुलीच्या हातात दिलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. शेषगिरी जवळ गेले तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. जे पाच दिवस आणि ज्या पाच रात्री तिनं त्या दाराकडं बघून काढल्या होत्या, त्यांचं मूळ कुणाच्या घरात होतं ते आता तिला कळलं होतं. त्यांना तिचा राग आला नाही. ते मागच्या दारानं निघून आले.

श्रीहरीकडून त्यानंतर प्रूफ आलं नाही. मनीषानं मात्र निरोप धाडला, की तारखेतली रेघ आता ती स्वतः बघते.

अंबूताईनं वाण्याकडून दोन्ही बाजूंनी कोरे कागद आणवले. पहिल्या चार कागदांना तिनं सत्त्याण्णव ते शंभर आकडे घातले आणि हरवलेला राम पुन्हा लिहायला बसली.

बुधवारी दुपारी दार वाजलं. दारात सावनी उभी होती, एकटी. शेषगिरींनी तिच्यामागं गल्लीत पाहिलं, उत्तरा नव्हती.

"आईनं परत द्यायला सांगितलंय," सावनी म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर पुढं केला.

त्यांनी तो घेतला. मुठीपाशी तो अजून उबदार होता. विचारावं की नाही, हे ठरवता ठरवता ती पायरी उतरायला लागली. या वेळी शेषगिरींनी वाक्य वळणापर्यंत जाऊ दिलं नाही.

"सावनी, कडी लावली का?"

ती थांबली. "लावली," ती म्हणाली. "मीच लावली. आईनं नुसतं धरलं."